बहिणीचं मांजर

१२ जानेवारी, गुरुवार

डोराने बजावलं म्हणून ही वही. "तो दिवसभरात जे जे करेल ते लिहून ठेव, आणि रोज संध्याकाळी सहाला मला फोनवर वाचून दाखव. एकही उडी गाळायची नाही, ट्रुडी." सोमवारी ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून घसरून खुबा मोडून घेतलाय, हाडात स्क्रू ठोकलेत, वय चौऱ्याहत्तर, आणि पलंगावर पडून मला दम देतेय. थोरली बहीण ती थोरलीच.

तो म्हणजे फ्लो. डोराचा बोका. आठ महिन्यांचा, राखाडी, अंगावर पट्टे. फ्लो म्हणजे पिसू. नाव ठेवताना बाई शुद्धीवर होती म्हणायची. ऑक्टोबरात तिने हे पिल्लू आणलं तेव्हाच मी म्हटलं होतं, "या वयात हे कसलं खूळ? आणायचंच होतं तर एखादं म्हातारं, झोपाळू तरी आणायचंस." तर म्हणते कशी, "झोपाळू कशाला? झोपाळू तू आहेसच की."

आज दुपारी तिच्या घरून टोपली, वाडगी, वाळूचा डबा आणि हा ऐवज घेऊन आले. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. डोराचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराचं दार थेट बागेत. माझं दुसऱ्या मजल्यावर, आणि घरात सगळं जागच्या जागी. ती घरी परत येईपर्यंत मी सांभाळीन आणि दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं वचन दिलंय तिला. सहा आठवडे, डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे काय, निघून जातील.

१४ जानेवारी, शनिवार

पहाटे पाचला पाच कमी असताना सुरुवात. बोळातून स्वयंपाकघर, तिथून खुर्ची, खुर्चीवरून कपाट, कपाटावरून पडदा, पडद्यावरून माझं पोट. परत बोळ. एकोणीस फेऱ्या मोजल्या, मग मोजणं सोडलं. पोस्टाच्या खिडकीत अडतीस वर्षं काढली, पण नाताळच्या आदल्या दिवशीची गर्दीसुद्धा अशी धावली नाही.

जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली फुटली. शनिवारचा वेणीसारखा गुंफलेला पाव एका बाजूने चाटून ठेवला. डोराला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की नर्स बघायला आली म्हणे. "आणि तू काय केलंस?" मी काय करणार? फरशी पुसली. "नाही, म्हणजे ओरडलीस का?" ओरडले. "मोठ्याने?" हो, मोठ्याने. "छान," म्हणाली. यात छान काय ते तिलाच ठाऊक.

२२ जानेवारी, रविवार

खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. सहाला दहा मिनिटं होती.

आमच्या इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, दुपारी बारा ते एक शांतता, आणि रविवारी दिवसभर. जिन्यात चौकटीत लावलेली ती यादी माझ्याच हस्ताक्षरात आहे, त्यामुळे कुणाला काही बोलायची सोय नाही. पायांत लोकरी मोजे घालून मी फ्लोच्या मागे पळत होते, त्याला वाटलं खेळ चाललाय.

खाली ऑप्लिगरबाई राहतात, एकट्याच. आमच्यात नमस्काराच्या पलीकडे शब्द नाही, त्याला आता अकरा वर्षं होतील. कपडे धुण्याच्या खोलीत एकदा काहीतरी झालं होतं. तळघरात यंत्र एकच, वाळत घालायची खोली एकच, प्रत्येक घराला पंधरा दिवसांतून एक दिवस, आणि तेव्हा वाटपाची वही माझ्याकडे होती. मी नियमानेच वागले होते. काही माणसं मनात धरून बसतात, त्याला मी काय करू?

३ फेब्रुवारी, शुक्रवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. म्हटलं, याला शांत व्हायचं काही औषध द्या. त्यांनी फ्लोला उचलला, त्याने त्यांची पट्टी चावली, ऐकायची नळी ओढली, टेबलावरून वजनकाट्यावर उडी मारली. "बाई, हा आजारी नाही, बेकार आहे," म्हणाल्या. "याला बाहेर जायची सवय आहे. कोंडून ठेवलात तर घर खाईल, मग तुम्हाला. शिडी लावा."

शिडी म्हणजे मांजराची. बर्नमध्ये आमच्या या भागात काय, चार घरं सोडून एक आहेच. भिंतीला लाकडी फळ्या, खिडकीपासून बागेपर्यंत, येतात-जातात महाराज. समोरच्या इमारतीला तर तीन. मला कायम वाटायचं, भिंतीची काय शोभा करून ठेवलीय.

पण शिडीला घरमालकाची परवानगी लागते, आणि ज्याच्या सज्जावरून ती जाते त्या भाडेकरूची सही. माझी शिडी जाणार ऑप्लिगरबाईंच्या सज्जावरून. म्हणजे संपलंच.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

मालकाच्या कचेरीतून रजिस्टर पत्र. मला! अडतीस वर्षं लोकांना रजिस्टर पत्रं दिली, सह्या घेतल्या, त्यांचे चेहरे उतरताना पाहिले. आज पोस्टमनने पेन माझ्यापुढे धरलं. "पहाटेच्या वेळी वारंवार होणारा आवाज… एकतीस मार्चपर्यंत योग्य ती व्यवस्था न झाल्यास प्राणी ठेवण्याची अनुमती रद्द करण्यात येईल." तक्रार कुणाची ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही.

हे डोराला वाचून दाखवलं नाही. आता ती तळ्यापलीकडच्या आरोग्यधामात आहे, चालायला शिकवतात तिथे. काळजी करत बसेल.

तिनेच आज भलतं काढलं. "त्याच्या मानेतल्या चिपची नोंद तुझ्या नावावर, तुझ्या पत्त्यावर करून घे. हरवला तर फोन तुला यायला हवा, मला येऊन काय उपयोग?" बरोबर आहे. लगेच अर्ज भरून टाकला. मग विचारलं, "झोपतो कुठे?" म्हटलं, टोपलीत. मग खरं सांगितलं की पायाशी झोपतो, पण ते थंडीमुळे. "कुणाच्या थंडीमुळे?" म्हणाली, आणि ठेवला फोन.

१९ फेब्रुवारी, रविवार

डोराला भेटून आले. चालायच्या चौकटीला धरून चालते. खूप वाळलीय. गाल आत गेलेत, अंगठी बोटात फिरते. मी घरचं मांस आणि बटाटे डब्यातून नेले होते, तर तिने दोन घास खाल्ले आणि बाकीचं मला भरवलं.

घरी कधी जाणार ते तिने विचारलंच नाही डॉक्टरांना. म्हणाली, होईल तेव्हा होईल. सहा आठवडे उलटत आले, मला मोजता येतं. उलट मलाच प्रश्नांवर प्रश्न. पाठीचं काय, सकाळी किती वाजता उठतेस, दुपारी पूर्वीसारखी लवंडतेस का. म्हटलं, लवंडू देतोय कोण? दुपारी दोनला त्याची दुसरी पाळी सुरू होते. मग म्हणाली, "माझ्या कपाटातले निळे कप घेऊन जा घरी, धूळ खातायत." तुला लागतील ना, म्हटलं. "तोवर तू वापर." ठीक आहे, घेते.

गाडीत बसल्यावर आठवलं की पडद्याची दोरी वर बांधायची राहिली. पूर्ण वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. घरी येऊन बघते तर पडदा जमिनीवर आणि साहेब त्यात गुंडाळून झोपलेले.

२५ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं एकदाचं. सकाळी दहाला, म्हणजे कुठल्याही शांततेच्या वेळेत नाही. कागद पुठ्ठ्यावर लावून, पेन सोबत. घंटा वाजवली.

ऑप्लिगरबाईंनी दार अर्धं उघडलं. मी शिडीचं सांगितलं. लाकूड चांगलं असेल, तुमच्या कुंड्यांना धक्का लागणार नाही, वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "माझी सही? तुम्हाला?"

"हो, नियमाप्रमाणे लागते."

"नियमाप्रमाणे!" असं म्हणून हसल्या. वाईट हसल्या. "पत्र मिळालं ना? तक्रार मीच केलीय. अकरा वर्षं वाट बघत होते, नीडेगरबाई, तुम्ही कधी नियम मोडताय याची."

मी म्हटलं, "त्या जुन्या गोष्टीबद्दल म्हणत असाल तर सात वाजता खोली रिकामी करायची असते. तुमची वेळ संपली होती."

दार बंद. आपटलंही नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस विचार करून एक चिठ्ठी लिहिली आणि तळघरात, यंत्राच्या वर, त्यांच्या दिवशी चिकटवली. "पूर्वीच्या प्रसंगाने गैरसोय झाली असल्यास खेद आहे. तुमच्या समजूतदारपणाबद्दल आभार. नीडेगर." तीन कच्चे मसुदे केले होते, उगाच नाही.

संध्याकाळी चिठ्ठी माझ्या दाराखालून परत आली. मागे एकच ओळ: "चिठ्ठ्या पुरे झाल्या."

फ्लोने ती चिठ्ठी फाडली, थोडी खाल्ली आणि गालिच्यावर ओकला.

७ मार्च, मंगळवार

आता लिहितेय ते डोराला कळता कामा नये.

काल सकाळी स्वयंपाकघराची खिडकी वाफ जायला जराशी उघडली होती. मी पाठ फिरवली तेवढ्यात हा बाहेर. खिडकीखाली पन्हळ आहे, हाताएवढी रुंद. तो त्यावरून कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे अडकला. वळता येईना. खाली दगडी अंगण. तोंड उघडून ओरडत होता, पण आवाज फुटत नव्हता. मी खिडकीतून अर्धी बाहेर, हातात सॉसेज, "ये रे, ये माझ्या राजा, मागे मागे ये," असं काय काय बरळत होते. बावीस मिनिटं. शेवटी उलट्या पावली आला. मानगुटीला धरून आत ओढला आणि खिडकी लावली आणि तिथेच फरशीवर बसले. त्याला धरून इतकी रडले की त्याच्या डोक्यावरचे केस ओले झाले.

हे असं नाही चालायचं. सत्तर वर्षांची आहे मी. एकतीस तारीख जवळ येतेय. सही मिळत नाही, शिडी होत नाही. उद्या हा पडला तर डोराला काय सांगू? दुपारी मावसभाऊ एर्न्स्टला फोन केला. त्याचं शेत आहे डोंगरात, गोठा आहे, उंदीर आहेत. "दे पाठवून," म्हणाला, "इथे मांजरं मोजत नाही कोणी." शनिवारी अठराला नेऊन द्यायचं ठरलं.

वचन मोडतेय. पण मेलेल्या मांजरापेक्षा डोंगरातलं मांजर बरं.

१२ मार्च, रविवार

घर कोंदलंय नुसतं. फ्लो खिडकीशी जाऊन काचेवर दोन्ही पंजे चालवतो, कपडे घासल्यासारखे. मग माझ्याकडे बघतो. मग पुन्हा. आज सकाळपासून मी पण नुसती या खोलीतून त्या खोलीत. बसले की उठावंसं वाटतं. उठलं की का उठले ते आठवत नाही.

डोराला खोटं वाचून दाखवलं. "शांत होता, खेळला, जेवला." ती म्हणाली, "हे कुणाबद्दल चाललंय?"

१७ मार्च, शुक्रवार

सकाळी टोपली काढून ठेवली. आत त्याचा टॉवेल घातला. एर्न्स्टला गाडीची वेळ कळवली. दुपारी चारला, वेळ नसताना, डोराचाच फोन. धापा टाकत होती. "ट्रुडी, ऐक, दहा पावलं! काठी नाही, चौकट नाही, काही नाही. दहा! त्याला सांग. आत्ता सांग, फोन त्याच्या कानाला लाव."

लावला. ती काय बोलली मला ऐकू आलं नाही. त्याने फोन चाटला.

फोन ठेवला आणि तशीच घरातल्या चपलांत खाली गेले. कागद नाही, पेन नाही. ऑप्लिगरबाईंनी दार उघडलं तेव्हा हातात बटाटे सोलायची सुरी होती. मी म्हटलं, "मला दोन मिनिटं बोलू द्या, मग लावा दार."

आणि बोलले. जे बोलले ते इथे लिहून ठेवते, कारण पुन्हा बोलायची हिंमत व्हायची नाही. म्हटलं, "त्या दिवशी वाळत घातलेले कपडे काळे होते. मला माहीत होतं ते कसले. तुमचे मिस्टर मंगळवारी गेले हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. सात वाजले आणि मी ते ओले कपडे दोऱ्यांवरून काढून टोपलीत घातले, वर चिठ्ठी लिहिली. 'वेळ सातपर्यंत. समजूतदारपणाबद्दल आभार.' मला दुसऱ्या दिवशी फक्त दोन चादरी धुवायच्या होत्या."

सुरीवरून बटाट्याचं पाणी गळत होतं.

मग म्हणाल्या, "मी ओल्या स्कर्टात त्याला पुरायला गेले. नोव्हेंबर होता. पाद्री बोलत होता आणि मी एवढाच विचार करत होते की मांड्या किती गार पडल्यात. हान्सचं शेवटचं म्हणून मला तेवढंच आठवतं."

मी "माफ करा" म्हटलं. याहून मोठा शब्द माझ्याकडे नव्हता. असता तर तो वापरला असता. लाज वाटली, आणि अकरा वर्षं ती का वाटली नाही याची आणखी वाटली. तिथेच जिन्यात उभी राहून रडले, आणि वरून फ्लो दाराला धडका मारत होता.

मग त्या म्हणाल्या, "काय मागत होतात त्या दिवशी?"

"सही. पण मी आज त्यासाठी नाही…"

"खोटं बोलू नका. त्याचसाठी आलात." मग सुरी ठेवली, हात पुसले. "आणा कागद. तुमच्यासाठी नाही करत. ते येडं मांजर काचेवर पंजे घासतं, मला खालून दिसतं. बघवत नाही."

एर्न्स्टला फोन करून सांगितलं, येत नाही. "बरं," म्हणाला. त्याला काय, तिथे मांजरं मोजत नाहीत.

२९ मार्च, बुधवार

मालकाची परवानगी शुक्रवारीच आली होती. आज सुतार येऊन शिडी ठोकून गेला. माझ्या खिडकीपासून ऑप्लिगरबाईंच्या सज्जाच्या कडेने बागेपर्यंत, सतरा फळ्या. मुदतीला दोन दिवस उरलेत.

खिडकी उघडली. फ्लोने शिडीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन टोपलीत झोपला. आजपर्यंत एकदा तरी टोपलीत झोपला होता का हा? अडीच महिने काच घासली आणि आता दार उघडं तर राजेसाहेबांना झोप आली!

१ एप्रिल, शनिवार

गेला! ऑप्लिगरबाईंनी आपल्या सज्जात सॉसेजचा तुकडा ठेवला आणि तोंडाने असा काही आवाज काढला की मीही उतरले असते. पहिली फळी, दुसरी, तिसरी, मग धाडधाड सज्जा, सॉसेज, आणि खाली बागेत. बागेत चार पायांवर सरळ वर उडाला, काही कारण नसताना. मग झुडपात गडप.

दोन तास. मी खिडकीत, त्या सज्जात. "येईल हो," त्या म्हणायच्या. "येईल ना?" मी म्हणायची. चार वाजता आला, नाकाला माती, कानाला जाळं, आणि थेट वाडग्याकडे. मग तीन तास सलग झोपला. घरात घड्याळ वाजतं हे मला जानेवारीनंतर पहिल्यांदा ऐकू आलं.

डोराला सगळं वाचून दाखवलं, सही आणि ओले कपडे आणि पन्हळ, काहीच गाळलं नाही. ती म्हणाली, "तू खाली जाऊन बोललीस? स्वतःहून?" हो. "चपलांत?" हो बाई हो, चपलांत. "बघ," म्हणाली, नुसतंच.

६ एप्रिल, गुरुवार

पहाटे पाचला तो शिडीवरून जातो. मी उठतेच, खिडकी उघडायला. सात वाजता ऑप्लिगरबाई खालून हाक मारतात, "इथे आहे!" आठला मी बागेत, डोक्याला रुमाल, कारण तो समोरच्यांच्या भाजीच्या वाफ्यात उकरतो. नऊला समोरच्यांची माफी मागणं. या आठवड्यात मी जितक्या माणसांशी बोलले तितक्यांशी निवृत्त झाल्यापासून बोलले नसेन. गुडघे दुखतात. दम घ्यायला वेळ नाही. डोरा आली की हे सगळं तिला करू दे.

संध्याकाळी ऑप्लिगरबाईंनी सज्जात बोलावलं. दोन ग्लास पांढरी वाईन. "आता 'अहो-जाहो' पुरे," म्हणाल्या. "मी इडा." आमच्याकडे हे मोठीने पुढे होऊन म्हणायचं असतं, आणि गेली वीस वर्षं मी धरून चालले होते की मोठी मी आहे आणि मला वाटेल तेव्हा म्हणेन. इडा माझ्याहून चार महिन्यांनी मोठी निघाली. मी म्हटलं, "मग एवढी वर्षं का नाही म्हणालीस?" "तुला? तू तर घड्याळ होतीस गं."

१५ एप्रिल, शनिवार

इतकी संतापलेय की अक्षर नीट येत नाही.

आज डोराकडे गेले, आनंदात, तिच्या घरी शिडीची गरज नाही पण मांजराला लहान दार करून घेऊ, असं सांगायला. तिने मला जेवणघरात बसवलं. हात धरला. म्हणाली, "घर सोडलंय मी. एप्रिलअखेर रिकामं करून द्यायचंय. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात जागा मिळालीय."

मी म्हटलं, पण दहा पावलं! तू चालतेस!

"खोलीतून जेवणघरापर्यंत. तेवढीच लागतात तिथे."

आणि फ्लो?

"तिथे मांजरं चालत नाहीत."

"मग मी शिडी कुणासाठी बांधली?" मी ओरडले. अख्खं जेवणघर आमच्याकडे बघायला लागलं. "वचन घेतलंस, घरी येईपर्यंत म्हणालीस, आणि येणारच नव्हतीस?"

डोरा हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. "ओरड, ओरड," म्हणाली. "पूर्वी तुला साधं ओरडताही यायचं नाही."

आणि वर कहर म्हणजे या आश्रमात नाव तिने सप्टेंबरातच घालून ठेवलं होतं! खुबा मोडायच्या आधी! घरकाम झेपेना, धाप लागते, हे मला कधी बोलली नाही. सप्टेंबरात नाव घालते आणि ऑक्टोबरात पाच महिन्यांचं पिल्लू आणते. जिथे मांजर चालत नाही तिथे जायचंय हे माहीत असताना! काही विचार करते का ही बाई? आयुष्यभर असंच, आधी उडी मग खाली काय आहे ते बघायचं. आणि निस्तरायचं कुणी? ट्रुडीने.

निरोप न घेता निघाले. गाडीत बसल्यावर उमजलं. ती घरी येणार नाही. रविवारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसणार नाही, आता कधीच नाही. एवढं एकच वाक्य पूर्ण वाटभर.

१६ एप्रिल, रविवार

इडाला सगळं सांगितलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळं. तिने बटाट्याचं थालीपीठ उलटता उलटता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ट्रुडी, सप्टेंबर आधी येतो."

"तेवढं मलाही कळतं," मी म्हटलं. "म्हणूनच तर म्हणतेय, मूर्खपणा आहे."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आश्रमात नाव घातल्यावर, कुणी स्वतःसाठी पिल्लू आणतं का?"

"आणलं ना तिने! तेच तर!"

इडा म्हणाली, "जेव आता." आणि स्वतःशीच मान हलवत राहिली. कधीकधी ती पण विचित्रच वागते.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. मी उचलला नाही. वाजत राहिला. फ्लो टेबलावर चढला आणि त्याने फोन खाली पाडला, तर त्यातून डोराचा आवाज, "काय केलं रे आज माझ्या सोन्याने?" मग काय करते, सांगितलं. कबुतर आणलं होतं जिवंत. ते अजून कपाटावर बसलंय.

२९ एप्रिल, शनिवार

डोराला आश्रमात पोहोचवलं. मी आणि इडाने तिचं घर आवरलं, खुर्ची आणि घड्याळ आणि दोन चित्रं तिच्यासोबत गेली. खोली लहान आहे, पण तळं दिसतं. उन्हात बसली तर बरी दिसते.

खाली कचेरीत एक चुणचुणीत मुलगी फॉर्म भरून घेत होती. जवळचे नातेवाईक, डॉक्टर, चष्मा, दात. मग विचारलं, "पाळीव प्राणी आहे का? असेल तर त्याची व्यवस्था काय केलीत?"

"माझा नाही," डोरा म्हणाली. "मांजर आहे, पण ते बहिणीचं. पहिल्या दिवसापासून तिचंच."

मुलीने लिहून घेतलं.

आता हे धडधडीत चूक आहे. ऑक्टोबरपासून बारा जानेवारीपर्यंत तो डोराकडे होता, चिपची नोंद माझ्या नावावर झाली ती दहा फेब्रुवारीला, कागद आहेत माझ्याकडे. अडतीस वर्षांत माझ्यासमोर कुणी चुकीची नोंद केली आणि मी ती दुरुस्त केली नाही, असं एकदाही झालेलं नाही. मी तोंड उघडलं होतं. डोराने माझ्याकडे बघितलं. लहानपणी माझ्या वाढदिवसाला पुडकं पुढे करून बघत बसायची तशी बघत होती.

नोंद तशीच राहू दिली. मग तळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण रडू आवरेना, आणि त्या मुलीने विचारलं असतं काय झालं, तर मला सांगता आलं नसतं.